चुली किती, ते आधी मोजा

(वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : महापूर ओसरल्यानंतरची कामं. उत्तरं देत आहेत शिरोळ तालुक्यात आधी तलाठी आणि नंतर मंडळ अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालेले एक वाचकमित्र.)

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला आणि वर चिठ्ठी : "साहेबी भाषा नको." मी साहेब कधीच नव्हतो. मंडळ अधिकारी म्हणजे गावाला वाटतो साहेब आणि तहसीलदारांना वाटतो शिपाई. २००५ चा पूर मी तलाठी म्हणून पाहिला, २०१९ चा मंडळ अधिकारी म्हणून. २०२१ ला मी घरीच होतो आणि पाणीही माझ्या घरीच होतं. त्यामुळे पंचनामा करणं आणि करून घेणं, दोन्ही माहीत आहे.

प्रश्न : २०२५ च्या पुरात सीना नदीनं आमचं सव्वा एकर रान खरवडून नेलं. सरकारनं हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाख जाहीर केले. तलाठ्याकडे गेलो तर तो पंचायत समितीत पाठवतो, तिथे गेलो तर तहसीलला. नक्की जायचं कुठं?
— एक शेतकरी, परंडा तालुका, जि. धाराशिव

दोन्ही ठिकाणी, कारण हे पैसे एका दारातून येत नाहीत. ४७ हजारांचा दर महसूल खात्याचा. तलाठ्याचा पंचनामा, तहसीलची यादी, यादीत तुमच्या नावापुढे पडलेला विशिष्ट क्रमांक, आणि मग थेट खात्यात. सव्वा एकर म्हणजे अर्धा हेक्टर, तेव्हा साडेतेवीस हजारांच्या आसपास. तीन लाखांचं मात्र नीट समजून घ्या. ते रोख नाहीत, हेक्टरी तेवढ्या किमतीचं काम आहे : माती भरणं, सपाटीकरण, बांध घालणं. ते रोजगार हमीतून होतं, म्हणून त्याला जॉबकार्ड लागतं, ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, पंचायत समितीच्या तांत्रिक माणसानं केलेलं अंदाजपत्रक लागतं. तीन लाख खात्यात पडतील म्हणून पासबुक भरून आणत बसू नका. ठराव झाला का, ते विचारा.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या आणि त्यात कोणता शब्द पडलाय ते बघा. "शेतात गाळ साचला" असं लिहिलं असेल तर गाळ काढण्याचा दर लागतो, हेक्टरी १८ हजार. "जमीन खरवडून गेली" लिहिलं असेल तर ४७ हजार. पाऊस तोच, नदी तीच, शेतकरी तोच. घाईत लिहिणाऱ्या पोरानं वरच्या ओळीखाली 'वरीलप्रमाणे' ठोकलं की तुमची खरवड गाळात जाते. मीही 'वरीलप्रमाणे' पुष्कळ वापरलंय. दिवसाला साठ-सत्तर पंचनामे करताना हात दुखतो हो.

आणि बांधाचं काय? खरवडीत बांध जातो, दगड जातो, पूर्वापारची लिंबाची खूण जाते. आज शेजारी तुमच्या गळ्यात गळा घालून रडतोय. दोन वर्षांनी माती भरून झाली की तोच म्हणेल, "तुमचं इथपर्यंत कुठं होतं?" म्हणून माती पडायच्या आधी दोघांनी मिळून भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. फोटो काढाल तो विहीर, वीजखांब, असं काहीतरी जागेवर राहिलेलं मागे घेऊन काढा. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करते. पुस्तकात लिहिलंय की राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पण पूर ओसरल्यावर इतक्या खात्यांची कामं प्रत्यक्षात जुळवतं कोण?
— एक विद्यार्थिनी, लातूर

पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे, परीक्षेत तेच लिहा. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५, मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभाग. मी तुम्हाला तालुक्यातलं सांगतो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून समजा. आमच्या शिरोळ तालुक्यात तर चार नद्या : कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. पुणे-बंगळूर हायवे बंद, कोल्हापूर शहरालाच नळाचं पाणी नाही. मग पाणी उतरलं आणि माझ्या सर्कलमधल्या एका गावात पुढची गंमत सुरू झाली.

घरं उघडली तर आत गुडघाभर गाळ. तो दोन दिवसांत धुतला नाही तर वाळून विटेसारखा होतो. धुवायला पाणी पाहिजे. पाणीपुरवठ्याची मोटर नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीत, तीही गाळात. मोटर काढून इचलकरंजीला रिवाइंडिंगला पाठवली, तर सगळ्या पंचक्रोशीच्या मोटरी तिथेच येऊन पडलेल्या. समजा मोटर आलीच, तर चालवायला वीज पाहिजे. महावितरणचा वायरमन म्हणाला, "घरातले मीटर न तपासता लाईन सोडली आणि कुणी चिकटलं तर?" बरोबरच आहे त्याचं. मग तपासा की मीटर! तर आत गाळ. तो काढल्याशिवाय मीटरपर्यंत जाता येत नाही, आणि पाणी आल्याशिवाय गाळ निघत नाही.

पाणीपुरवठा, महावितरण, ग्रामपंचायत, बांधकाम खातं. चारही माणसं कामाची, चौघांचंही म्हणणं खरं, आणि गाव जागच्या जागी. रोज संध्याकाळी सात वाजता तहसीलला बैठक व्हायची. तिथे प्रत्येक खातं आपापला कागद वाचायचं : अमुक टक्के पूर्ण. तिसऱ्या दिवशी आमच्या एका अव्वल कारकुनानं पाठकोऱ्या कागदावर गोल काढला. गाळ, पाणी, मोटर, वीज, मीटर, पुन्हा गाळ. म्हणाला, "साहेब, हे कुठंतरी तोडायला लागतंय." तोडलं ते असं : पिण्याच्या पाण्याचे टँकर येतच होते, त्यातला एक फक्त भिंती धुवायला दिला. नियमात बसत नव्हतं. वॉर्डावॉर्डानं घरं धुतली, मागून वायरमन, त्याच्या मागून तलाठी पंचनाम्याला. एका वॉर्डाला एक दिवस. त्या गोलाचा कागद मी जपून ठेवला होता. २०२१ च्या पाण्यात तोही गेला.

बाहेरून आलेल्या मदतीचंही तेच. दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमन आले, शहरांमध्ये इतर महापालिकांची सफाई पथकं आली, यंत्रं आली. माणसं कष्टाळू. पण त्यांना बोळ माहीत नाही, बोळातली उघडी विहीर माहीत नाही, आणि वर गाळ सपाट! म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येक पथकामागे गावातलं एक पोर द्यायचं. कॉलेजचं, मोबाईलवाला, शिव्या खाऊन घेणारा. त्या पोरांनी जे जुळवलं ते कुठल्या अहवालात आलं नाही.

वरच्या पातळीवर एक सुचवतो, पटलं तर बघा. केरळनं २०१८ च्या पुरानंतर 'रीबिल्ड केरळ इनिशिएटिव्ह' असं वेगळं कार्यालयच उघडलं. म्हणजे पुनर्बांधणीसाठी एक ठरलेलं टेबल झालं. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर असा स्वतंत्र कार्यक्रम चालवला गेला होता, तेव्हा आपल्याला जमत नाही असं नाही. पण पुराला आपण अजून चार महिन्यांचा पाहुणा समजतो. दिवाळी झाली की आपत्ती कक्षातल्या खुर्च्या परत जातात.

प्रश्न : आम्ही पंधरा वर्षं एका वाड्यात भाड्यानं राहतो. पुरात आमच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. मदतीची रक्कम मात्र घरमालकाच्या नावावर आली. ते म्हणतात, "घर माझं, पंचनामा माझा." आम्ही काय करायचं?
— एक गृहिणी, सांगलीवाडी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हीच चूक मी केलेली आहे.

२००५. मी कृष्णाकाठच्या एका गावाचा तलाठी. ग्रामपंचायतीचं घरपट्टी रजिस्टर काखेत मारून निघालो. घर नंबर अमुक, मालक अमुक, पंचनामा, सही, पुढचं घर. एका घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली होती. तिच्यात एक विधवा बाई भाड्यानं राहायच्या, पापड-शेवया करून पोट भरायच्या. रेशनकार्ड माहेरच्या गावचं. मी खोली पाहिली, भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिली. चिखलात बसलेला शेवयाचा साचासुद्धा पाहिला. पण रजिस्टरला त्या खोलीला वेगळा नंबर नव्हता. मी मालकाच्या नावापुढे 'एक पत्र्याची खोली बाधित' असं लिहिलं आणि पुढे गेलो. मदत मालकाला गेली.

त्या भांडल्या नाहीत. महिन्याभरानं चावडीवर आल्या आणि उभ्यानंच एवढं म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझी चूल येगळी हाय की." मी म्हटलं, आता यादी वर गेली. खरंच गेली होती. पण मी ती परत मागवायचा प्रयत्नही केला नाही, हेही तितकंच खरं आहे.

२०१९ ला माझ्या हाताखालच्या तलाठ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, घर नंबर नंतर लिहा, आधी चुली मोजा. दारात उभं राहून विचारा, "इथं चुली किती?" गावात हा प्रश्न कुणालाही कळतो. भाऊ-भाऊ वेगळे झालेले असतात, सून वेगळी असते, मागं भाडेकरू असतो, कुठे ऊसतोडीला आलेलं आणि इथंच राहिलेलं बिऱ्हाड असतं. कागदावर एक घर, पण आत चार चुली. त्या वर्षी कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार सानुग्रह अनुदान होतं. म्हणजे एक चूल गाळली की एका कुटुंबाचे तेवढे पैसे गेले. ते पैसे कुणी खात नाही, ते नुसते उगवतच नाहीत. त्यामुळे त्याची बोंबही होत नाही.

आता तुमचं. घरपडीची मदत मालकाला मिळणार, त्यावर हक्क सांगू नका. कपडे, भांडी, घरातलं सामान यांची मदत मात्र राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. भाडेकरार नसेल, पंधरा वर्षांच्या ओळखीत तो नसतोच. तर गॅसचं पुस्तक, मुलांचा शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र, यातलं त्या पत्त्याचं जे असेल ते लावा. शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. 'पंचनामा' या शब्दात पंच आहेत ते उगीच नाहीत. तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी "बघतो" म्हणणाऱ्यानं बघितल्याचं मला चौतीस वर्षांत फारसं आठवत नाही. मी स्वतःही त्यातलाच.

प्रश्न : आमच्या सोसायटीनं मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा केलेत. कुठे पाठवावेत?
— एक वाचक, पुणे

शक्यतो पाठवू नका. राग मानू नका. २०१९ ला आमच्याकडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात छतापर्यंत कपडे साचले होते. त्यात एक शेरवानी होती. ते उचलायला शेवटी आम्हालाच ट्रॉली लावावी लागली, आणि ती ट्रॉली त्या दिवशी वैरण आणायला हवी होती.

पहिल्या आठवड्यात फावडी, घमेली, खराटे, रबरी बूट, ब्लीचिंग पावडर आणि जनावरांची वैरण कामी येते. पण मला विचाराल तर तिसऱ्या महिन्यात या. तेव्हा टीव्हीवाले गेलेले असतात, बिस्किटांचे पुडे संपलेले असतात आणि पोरांच्या दुसऱ्या सत्राच्या वह्या घ्यायच्या असतात. शिवणयंत्र दुरुस्त करणारा एक कारागीर आणि सुट्या भागांची पेटी घेऊन चार गावं फिरा. एका मशीनवर एक घर उभं राहतं.

प्रश्न : ३१ हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं. माझ्या खात्यात साडेआठ हजार आले. बाकीचे कुठे गेले?
— एक कोरडवाहू शेतकरी, माढा तालुका

तुमच्या प्रश्नात हिशेबाची चूक नाही, पण 'पॅकेज' हा शब्दच फसवा आहे. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटी जाहीर झाले. त्यातले १० हजार कोटी रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत कामांचे. पीकविम्याचा अंदाजही त्यातच धरलेला. २०२१ लाही ११,५०० कोटी ऐकून आम्ही हरखलो होतो. फोड बघितली तर तातडीची मदत १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३ हजार आणि ७ हजार पुढच्या प्रतिबंधक उपायांना. पूल बांधायला पैसे लागतात, नाही कसं म्हणू? पण सगळे आकडे एका मोळीत बांधून सांगितले की शेतकरी त्याला आपल्या एकरानं भागतो आणि मग तलाठ्याच्या अंगावर जातो.

तुम्हाला आलेले साडेआठ हजार म्हणजे कोरडवाहूचा हेक्टरी मूळ दर. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १० हजार वेगळे जाहीर झाले होते, तो हप्ता वेगळा येतो. यादीत नाव आहे का, आधार जोडलेलं खातं चालू आहे का, ई-केवायसी अडकलीय का, हे सेवा केंद्रात बघा. वडिलांच्या नावावर सातबारा असून वडील नसतील तर आधी वारस नोंद लावा. पैसे अडकायचं ते सगळ्यात मोठं कारण, आणि पुराशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : सगळा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा ना?
— एक वाचक, कुरुंदवाड

नाही. आपल्याकडे चहाच्या टपरीवर हे म्हणणं धोक्याचं आहे, पण नाही. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. विसर्गाबाबत दोन राज्यांनी तासातासाला बोलत राहिलं पाहिजे, हे वेगळं आणि खरं. अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करायचा तर जरूर करा. पण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठच्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, आपण काय काय बांधून ठेवलंय, तेही एकदा मोजून या.

प्रश्न : दर पाच-सात वर्षांनी पाणी येतं. नदीकाठची गावं कायमची उठवत का नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

गुरुजी, नरसोबाच्या वाडीला या कधी पावसाळ्यात. कृष्णेचं पाणी गाभाऱ्यात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्या दारात स्नानाला झुंबड उडते. आम्ही त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. सोहळा! ज्या लोकांनी पाणी चढणं सणासारखं पाहिलंय त्यांना "नदी धोकादायक आहे, उठा" असं एका नोटिशीत सांगता येत नाही. शिवाय ऊस खाली, मोटर खाली, गोठा खाली. वर प्लॉट दिला तर माणूस तिथे घर बांधतो आणि कुलूप लावून खाली येतो.

किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी नेली. मी एकदा तिकडे गेलो होतो. रस्ते सरळ, घरं पक्की, पण एका म्हाताऱ्यानं सांगितलं की नव्या गावात पहिली दोन वर्षं त्याला आपलंच घर ओळखू यायचं नाही, सगळी सारखी. २०१४ मध्ये दरडीखाली गेलेलं माळीण २०१७ ला नव्या जागी उभं राहिलं, तिथे प्रश्न वेगळा होता. मूळ जागा उरलीच नव्हती. पुराच्या गावाला जागा उरते, वर्षातले अकरा महिने ती चांगलीही असते. म्हणून मला वाटतं, आधी गोठा आणि धान्याची कोठी वर न्यावी. माणूस जनावराच्या मागून जातो. २०१९ ला बोटीत बसायला नकार देणारे निम्मे लोक म्हशीसाठी थांबले होते.

प्रश्न : पुरात सगळी कागदपत्रं भिजली. उन्हात वाळवली तर शाई उडाली. आता?
— एक महिला, महाड

उन्हात नको होतं. पण मीही तेच केलं. २०२१ ला पोर्चमध्ये कागद पसरले आणि माझ्या सेवापुस्तकाच्या प्रतीची दोन पानं कोरी झाली. पंचनाम्याला आलेला तलाठी पंचविशीतला. तो म्हणाला, "काका, सावलीत, जुन्या वर्तमानपत्रात घालून, वर पाटा ठेवायचा." मला पंचनामे शिकवायला कुणी नव्हतं, ह्याला कागद वाळवायलासुद्धा शिकवलं होतं. बरं वाटलं. त्यानं माझ्या घरातल्या चुलीही विचारल्या. दोन, म्हटलं, थोरला वेगळा राहतो माडीवर.

जे गेलं त्यातलं बरंचसं परत मिळतं. सातबारा आणि आठ-अ ऑनलाईन डिजिटल सहीचा निघतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून, दहावी-बारावीची गुणपत्रिका मंडळाच्या विभागीय कार्यालयातून, शाळेमार्फत अर्ज करून. बँकेत पासबुकासाठी पैसे मागितले तर पूरग्रस्त असल्याचा तलाठ्याचा दाखला दाखवा. चिकटलेली पानं सोडवायची घाई करू नका, अर्धवट ओली असतानाच कडेनं पोस्टकार्ड सरकवत जा. आणि लग्नाचा अल्बम असेल तर तो आधी घ्या. त्याची नक्कल कुठल्याच कार्यालयात नसते.